डुकराचं सोवळं

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून गाडीने फिरताना रस्त्याकडेला सर्वांत जास्त वेळा भेटणारा प्राणी म्हणजे डुक्कर, आणि तो कायम हसत असतो. पाटीवर हसतो, भिंतीवर हसतो, मेनूकार्डावर हसतो. कधी डोक्यावर आचाऱ्याची उंच टोपी, कधी गळ्यात लाल रुमाल, कधी हातात लांब चिमटा. एका पाटीवर तर तो ॲप्रन बांधून स्वतःच शेगडीपाशी उभा होता आणि काहीतरी परतत होता. काय परततोय ते चित्रकाराने मोघम ठेवलं होतं; पण आत त्या हॉटेलात डुकराशिवाय दुसरं काही मिळतच नव्हतं, तेव्हा शंकेला फारशी जागा नव्हती. भाऊबंदकीचं इतकं प्रसन्न चित्र आपल्याकडेही कुणी रंगवलेलं नाही.

आम्ही तिकडे गेलो ते भाचीकडे. भाची आणि भाचेजावई नॉर्थ कॅरोलायनात, रॉली शहराला लागून असलेल्या कॅरी गावात राहतात. जावईबापू मूळचे सांगलीचे. सॉफ्टवेअरमध्ये आहेत, म्हणजे कॅरीत राहणाऱ्या मराठी माणसाने जे असावं अशी अपेक्षा असते तेच आहेत. माझी बायको शुद्ध शाकाहारी, मी शुद्ध सर्वाहारी. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांना वाटलं होतं की हळूहळू एक जण दुसऱ्याच्या वळणावर जाईल. दोन्ही घरं अजून वाट पाहतायत.

जावईबापूंनी विमानतळावरून घरी येतानाच नियम सांगून टाकला. "मामा, इथं बार्बेक्यू खायचं तर एक लक्षात ठेवा. ज्या हॉटेलात टेबलावर फुलं ठेवलेली दिसतील, तिथून सरळ बाहेर यायचं."

"आणि काय दिसलं तर आत जायचं?"

"मागच्या बाजूला लाकडांचा ढीग. पार्किंगमध्ये चिखलाने माखलेला पिकअप ट्रक, त्याच्या शेजारी पोलिसांची गाडी आणि तिच्या शेजारी मर्सिडीज. टेबलावर टिश्यूपेपरचा अख्खा रोल उभा केलेला. आणि दारावर पाटी : माल संपला की दुकान बंद."

मागून बायको म्हणाली, "म्हणजे जिथं स्वच्छता कमी, तिथं चव जास्त. हे तुझ्या मामांना सांगायला नको होतंस. ते हेच घरी मला गेली कित्येक वर्षं सांगतायत."

पण जावईबापूंचा निकष खरा आहे आणि त्याला थोरामोठ्यांचा पाठिंबाही आहे. कॅल्विन ट्रिलिन या अमेरिकन लेखकाने १९७२ साली आपल्या गावातल्या, म्हणजे कॅन्सस सिटीतल्या आर्थर ब्रायंट्स या बार्बेक्यूच्या दुकानाला जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट ठरवून टाकलं. हे दुकान म्हणजे काउंटरसमोर रांग लावायची, ट्रे पुढे सरकवायचा आणि मिळेल ते घेऊन बसायचं. पॅरिसमधल्या आचाऱ्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल ते असो, पण तेव्हापासून अमेरिकेत मळकट बार्बेक्यूवाल्याकडे जाणं हे अभिरुचीचं लक्षण मानलं जातं.

अशा हॉटेलांत शिरलं की पहिल्यांदा फार मोकळं वाटतं. कागदी ताटं, प्लॅस्टिकचे काटे, गुळगुळीत झालेली बाकडी. कुणी हाफपँटवर आलंय, कुणी चर्चमधून थेट टाय लावून आलंय. वाढणारी बाई प्रत्येकाला 'हनी' किंवा 'डार्लिंग' म्हणते. मला पहिल्यांदा 'डार्लिंग' म्हटलं गेलं तेव्हा मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "एवढी जवळीक झालीच आहे तर तिला विचारा, बीन्समध्ये काय घातलंय."

हे सगळं इतकं ऐसपैस आहे की परक्या माणसाला वाटावं, इथं कशाचंच काही नाही. कपड्यांचं सोवळं नाही, ताटाचं नाही, हाताचं तर नाहीच. थोडे दिवस खाल्ल्यावर उलगडा होतो. सोवळं आहे, चांगलं कडक आहे. फक्त ते सगळंच्या सगळं मांसात जाऊन बसलेलं आहे. कुठलं लाकूड, जनावराचा कुठला भाग, ओढायचं की चिरायचं, वर काय शिंपडायचं आणि मुख्य म्हणजे काय शिंपडायचं नाही, या बाबतीत त्या कागदी ताटांमागे जी कर्मठ माणसं उभी आहेत, त्यांच्यापुढे आमच्या आळीतल्या सोवळ्यातल्या आजी अगदी सुधारक वाटाव्यात.

पहिलं ठाणं होतं एडन. रॉलीच्या पूर्वेला, तंबाखूच्या शेतांमधलं लहानसं गाव. तिथं स्कायलाइट इन नावाचं हॉटेल आहे, पीट जोन्स यांनी १९४७ मध्ये काढलेलं. बैठी विटांची इमारत आणि तिच्या डोक्यावर वॉशिंग्टनच्या संसदेसारखा पांढरा घुमट. बार्बेक्यूची राजधानी कुठली असा प्रश्न कुणाला पडला तर तो दुरूनच सुटावा, अशी ती सोय आहे. आत मेनू वाचायला अर्धं मिनिट पुरतं. डुकराचं मांस, मक्याच्या पिठाचा चपटा पाव आणि कोबीची कोशिंबीर, म्हणजे स्लॉ. तिन्ही एकावर एक रचून हातात देतात. सँडविच हवं असेल तर हेच मांस आणि हाच स्लॉ मऊ पांढऱ्या बनमध्ये.

या भागातली रीत अशी, की अख्खं डुक्कर भाजायचं. ओकची लाकडं वेगळ्या चुलाणात जाळायची, निखारे पडले की फावड्याने उचलून डुकराखाली पसरायचे, आणि हे रात्रभर करत राहायचं. ज्वाळा लागू द्यायची नाही, घाई करायची नाही. सकाळी ते मांस हाडांपासून आपणहून सुटलेलं असतं. मग एक माणूस लाकडी ठोकळ्यापुढे उभा राहतो, दोन्ही हातांत एकेक सत्तूर घेतो आणि ठोकायला लागतो. खांद्याचं कोरडं, पोटाचं चरबट, वरची कुरकुरीत कातडी सगळं एकत्र. त्यावर मीठ, मिरपूड, व्हिनेगर आणि 'टेक्सास पीट' नावाचा तिखट सॉस. हा टेक्सास पीट नॉर्थ कॅरोलायनातच बनतो. टेक्सासशी त्याचा संबंध नावापुरता. त्या सत्तुरांचा ताल जेवण होईपर्यंत कानांवर पडत राहतो. जेवताना संगीत हवं अशी ज्यांची हौस असते त्यांनी इथं यावं.

पहिला घास घेतला आणि मी थांबलो. मनात अमेरिकन बार्बेक्यूची जी कल्पना होती, म्हणजे काहीतरी गोड, तपकिरी आणि चिकट, त्यातलं इथं काहीही नव्हतं. आंबट, तिखट, धुरकट, मधेच कातडीचा कुरकुरीत तुकडा. ही चव ओळखीची होती. मिरची, व्हिनेगर आणि डुक्कर या तिघांची गाठ पोर्तुगीजांनी गोव्यात कधीच घालून दिलेली आहे. विंदालू घ्या, सोरपोतेल घ्या, नाहीतर मडगावच्या बाजारात लोंबणाऱ्या चोरिसच्या माळा घ्या. पावात भरलेलं ते आंबट-तिखट डुक्कर मी कॉलेजात असताना पहिल्यांदा खाल्लं होतं. हे मी उत्साहाने बायकोला सांगितलं.

"मग मडगावलाच जायचं होतं," ती म्हणाली. "तिथं निदान मला सोलकढी मिळाली असती."

पूर्वेकडच्या या पंथाचा मुख्य सिद्धान्त असा, की टोमॅटोला प्रवेश नाही. कुठल्याही रूपात नाही. आणि इथंच खरी कथा सुरू होते, कारण रॉलीच्या पश्चिमेला गाडीने दीड-दोन तासांवर लेक्सिंग्टन आहे, आणि लेक्सिंग्टनने टोमॅटोला आत घेतलं.

किती घेतलं? व्हिनेगरच्या पातेल्यात थोडंसं केचप. फिकट गुलाबी रंग येण्यापुरतं. एवढ्या केचपवरून एका राज्याचे सरळ दोन भाग पडले आहेत, आणि दोन्ही भागांतली माणसं एरवी अतिशय सौजन्यशील आहेत. पूर्वेकडचा माणूस म्हणतो, टोमॅटो पडलं की त्याची भाजी झाली. पश्चिमेकडचा म्हणतो, अख्खं जनावर कसलं भाजता, उत्तम भाग एकच आणि तो म्हणजे खांदा. त्यामुळे लेक्सिंग्टनला फक्त खांदे भाजतात, तेही हिकरीच्या निखाऱ्यांवर, नऊ-दहा तास. सॉसला तिथं सॉस म्हणत नाहीत, 'डिप' म्हणतात. कोशिंबीरसुद्धा मेयोनीजमध्ये न कालवता त्याच डिपमध्ये कालवतात, म्हणून ती लाल असते. पांढरा स्लॉ मागणारा माणूस परगावचा, हे तिथलं शेंबडं पोरही ओळखतं.

लेक्सिंग्टनचं हे प्रस्थ कोर्टामुळे वाढलं. साधारण १९१९ च्या सुमाराला, कोर्टाचं कामकाज असलं की खेड्यापाड्यांतून पक्षकार, साक्षीदार आणि नुसते बघे गावात जमायचे. सिड वीव्हर नावाच्या गृहस्थाने कोर्टासमोर तंबू ठोकला आणि भाजलेलं डुक्कर विकायला सुरुवात केली. लवकरच शेजारी दुसरा तंबू आला. तारखेवर तारीख पडत असताना माणसाला भूक लागते, हे निरीक्षण आपल्याकडच्या कोर्टाबाहेरच्या वडेवाल्यांनाही असेलच. पुढे तंबूंची दुकानं झाली, दुकानांतून शिकलेल्या पोरांनी आपापली दुकानं काढली. १९८४ पासून गावात दर ऑक्टोबरात बार्बेक्यूचा उत्सव भरतो आणि एवढ्याशा गावात मुंगीला शिरायला जागा राहत नाही.

इथं ऑर्डर देणं ही एक परीक्षा असते. बारीक चिरलेलं, जाड चिरलेलं की कापांचं? आतलं पांढरं मांस की बाहेरचं तपकिरी? जाणकार मंडळी 'आउटसाइड ब्राउन' मागतात. खांद्याचा जो पृष्ठभाग दहा तास धूर खात बसलेला असतो, तो काळपट, खरपूस, किंचित चामट भाग. तो प्रत्येक खांद्याला थोडाच असतो, म्हणून जो लवकर येतो आणि मागायची लाज बाळगत नाही त्याला मिळतो. आमच्या जावईबापूंनी ही संज्ञा दक्षिणी हेल काढून उच्चारली. वाढणाऱ्या बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि काही न बोलता वहीत लिहून घेतलं. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं तेव्हा ते इतके खूश दिसले नव्हते, असं भाचीने मला नंतर सांगितलं.

शेजारच्या टेबलावर ओहायोहून आलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या वडिलांनी भोळेपणाने तो गोड, घट्ट, तपकिरी सॉस मागितला, कॅन्सस सिटीच्या पद्धतीचा, टोमॅटो आणि काकवीचा. बाई क्षणभर गप्प राहिली. मग अत्यंत मायेने म्हणाली, "हनी, तो सॉस मांस बिघडलं तर लपवायला लागतो. आमचं बिघडत नाही." ओहायोच्या गृहस्थांनी निमूटपणे डिप ओतून घेतलं. त्यांची लहान मुलगी मात्र बॅगेतून केचपचं पाकीट काढून खुशाल मांसावर पिळत बसली होती. सगळ्या हॉटेलाने ते पाहिलं आणि लेकरू अजाण आहे म्हणून सोडून दिलं.

आता बायकोच्या जेवणाविषयी सांगायला हवं, कारण त्या प्रदेशातला शाकाहार हा स्वतंत्र विषय आहे. तोंडी लावण्याच्या यादीत भाज्या भरपूर असतात. कोलार्ड नावाच्या पाल्याची भाजी असते. ती डुकराच्या नडगीच्या हाडाबरोबर शिजवतात. घेवडा असतो, त्यात बेकनचे तुकडे. बेक्ड बीन्स असतात. त्यांत कालचं उरलेलं बार्बेक्यू. एका ठिकाणी बायकोने बटाट्याकडे बोट दाखवून विचारलं, यात तरी डुक्कर नाही ना? मालकीणबाई दुखावल्या. "अजिबात नाही, डार्लिंग," त्या म्हणाल्या. "नुसती चव यायला थोडी चरबी."

मग एके दिवशी बायकोला 'व्हेजिटेबल प्लेट' नावाची गोष्ट सापडली. कुठल्याही चार भाज्या निवडा. फळ्यावरच्या भाज्यांच्या यादीत मॅकरोनी आणि चीज हा पदार्थ होता. तिने खातरी करून घेतली : ही भाजी आहे? हो, भाजी आहे. दक्षिणेत मॅकरोनी-चीज ही भाजीच धरतात, आणि त्यात कुणालाही काही वावगं वाटत नाही. तिने चार भाज्या म्हणून मॅकरोनी, मॅकरोनी, स्लॉ आणि हशपपी घेतल्या. हशपपी म्हणजे मक्याच्या पिठाचे तळलेले गोळे. ते कशात तळतात हे विचारायचं नाही, असं आम्ही सर्वानुमते ठरवलं होतं. सोबत स्वीट टी, म्हणजे बर्फ घातलेला कोरा चहा, ज्यात साखर विरघळायची थांबेपर्यंत साखर घातलेली असते. पेला अर्धा झाला की कुणीतरी मागून येऊन तो भरून जातं. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत भरलेला असतो. आग्रहाच्या बाबतीत हा प्रदेश आपल्या लग्नातल्या पंगतींना भारी आहे.

साउथ कॅरोलायनात शिरलो आणि सॉस पिवळा झाला. तिथं मोहरीचा सॉस. अठराव्या शतकात तिथं येऊन वसलेल्या जर्मन लोकांची ही देणगी मानतात. मला तो आवडला. मोहरी फेसून वाढलेल्या माणसाला नावडण्यासारखं त्यात काही नाही. पण या पिवळ्या सॉसबरोबर एक गोष्ट येते, आणि ती टाळून पुढे गेलं तर लेख हलका होईल पण खोटा होईल.

सोवळं म्हटलं की ते फक्त केचपपुरतं थांबत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. या साऱ्या दक्षिणेत रात्रभर निखाऱ्यांपाशी जागणारी, फावडी मारणारी, डुक्कर उलटणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय होती. आधी गुलाम म्हणून, नंतर नोकर म्हणून. ज्या चवीचा सगळे अभिमान मिरवतात, ती मुख्यतः त्यांच्या हातची. आणि तेच मांस बसून खायला मात्र त्यांना आत जागा नव्हती. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ऑलीज बार्बेक्यू नावाचं हॉटेल होतं. कामाला असलेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने पुडकं बांधून घ्यायचं आणि चालू लागायचं. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा आला तेव्हा मालक कोर्टात गेले. म्हणणं असं, की आमचं हॉटेल स्थानिक, गिऱ्हाईक स्थानिक, केंद्र सरकारचा इथं संबंध काय? त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला. हॉटेलात येणाऱ्या मालापैकी ४६ टक्के म्हणजे मांस, आणि ते परराज्यातून येतं; म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, म्हणजे कायदा लागू. थोडक्यात, डुकराला राज्याची हद्द ओलांडून आत यायची मुभा असेल तर माणसालाही उंबरठा ओलांडून आत यायची मुभा द्यावी लागेल. हे कायद्याच्या भाषेत सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

साउथ कॅरोलायनातल्या पिगी पार्क या बार्बेक्यू हॉटेलांच्या मालकाने तर त्याहून पुढची पायरी गाठली. मॉरिस बेसिंजर हे पिवळ्या सॉसचे मोठे प्रचारक. त्यांनी कोर्टात सांगितलं, की गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र बसून खाणं माझ्या धर्मश्रद्धेच्या विरुद्ध आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव थिल्लर ठरवून बाजूला सारला. महाडच्या तळ्याची गोष्ट शाळेत वाचलेल्या माणसाला या निकालातलं काहीही नवीन वाटत नाही, फक्त सन नवीन वाटतो. त्याच साउथ कॅरोलायनातला रॉडनी स्कॉट, हेमिंग्वे गावात वडिलांच्या दुकानात अख्खी डुकरं भाजायला शिकलेला कृष्णवर्णीय माणूस, २०१८ साली जेम्स बिअर्ड पुरस्काराने अमेरिकेच्या आग्नेय भागातला सर्वोत्तम शेफ ठरला. एवढं सांगून मी पुन्हा जेवायला बसतो.

अलाबामात सॉस पांढरा झाला. डेकेटर गावात बिग बॉब गिब्सनचं दुकान १९२५ पासून आहे. पांढरा सॉस बघून बायको हरखली, तिला वाटलं ताक असेल. त्यात मेयोनीज, व्हिनेगर आणि मिरपूड निघाली, आणि त्यात भाजलेल्या कोंबड्या अख्ख्या बुचकळून काढत होते. ती मॅकरोनीकडे वळली.

मेम्फिसला पोचेपर्यंत लाल, पिवळा, पांढरा असे सगळे झेंडे बघून झाले होते. मेम्फिसचं पुल्ड पोर्क सँडविच हे माझ्या मते या सगळ्या प्रकारांतलं सर्वांत सुटसुटीत. मांस सत्तुराने ठोकत नाहीत, हाताने ओढून त्याचे रेषे सोडवतात. मऊ बन, त्यावर हे मांस, त्यावर टोमॅटोचा पातळ, आंबटगोड सॉस आणि त्यावर, आतल्या आतच, गार स्लॉ. स्लॉ बाजूला वाढला तर मेम्फिसकर उठून जाईल. गरम-गार, मऊ-कुरकुरीत, आंबट-गोड असं सगळं एका घासात येतं. फक्त तो घास घेताना उरलेलं सँडविच कोपरापर्यंत येतं. बन इतका मवाळ असतो की तिसऱ्या घासाला तो शरण जातो. माझ्या समोर एक आजोबा पांढरा शर्ट घालून बसले होते. त्यांनी अख्खं सँडविच संपवलं आणि शर्टावर ठिपका नाही. मी खाणं सोडून त्यांची पद्धत बघत राहिलो : बन उलटा धरायचा, जाड बाजू खाली, कोपरं टेबलावर घट्ट, मान पुढे, आणि एकदा हातात घेतलं की संपेपर्यंत खाली ठेवायचं नाही. मधे फोन वाजला. वाजू दिला.

याच शहरात स्पॅगेटीवर बार्बेक्यू घालून देतात, ते मी फक्त पाहिलं. रेंडेव्हू नावाचं १९४८ पासूनचं प्रसिद्ध हॉटेल एका गल्लीतल्या तळघरात आहे. तिथल्या बरगड्यांवर सॉस नसतो, कोरडा मसाला भुरभुरलेला असतो. 'ओल्या' बरगड्या आणि 'सुक्या' बरगड्या हा मेम्फिसमधला आणखी एक पोटपंथ. त्या गल्लीजवळच पीबॉडी नावाचं भारी हॉटेल आहे. तिथं रोज सकाळी अकरा वाजता पाच बदकं लिफ्टने खाली येतात, लाल गालिच्यावरून चालत जाऊन लॉबीतल्या कारंज्यात पोहतात आणि संध्याकाळी पाच वाजता लिफ्टनेच वर जातात. त्यांच्यासाठी खास माणूस नेमलेला आहे. त्या हॉटेलात बदकाचा पदार्थ वाढत नाहीत. बायकोने तो सोहळा पूर्ण पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि मग गल्लीतून येणाऱ्या धुराकडे बघत म्हणाली, "नशीब असतं एकेकाचं."

परत कॅरीला आलो तेव्हा जावईबापूंनी जाहीर केलं, की शनिवारी परसात बार्बेक्यू करायचं. चार मराठी कुटुंबांना बोलावलं होतं. त्यांच्याकडे काळ्या रंगाचा एक स्मोकर आहे, लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा. मांसात खुपसायची सुई फोनला जोडलेली असते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसूनही आतलं तापमान कळतं. शनिवारी पहाटे पाचला उठून त्यांनी चार किलोचा खांदा आत ठेवला. वर तपकिरी साखर, मीठ, पाप्रिका आणि सांगलीहून आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला. "रात्री सातला जेवू," ते म्हणाले.

दुपारी दोनपर्यंत तापमान छान चढलं. १६० अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण सत्तर सेल्सिअसला, ते थांबलं. तीन वाजता १६०. चार वाजता १६०. पाच वाजता १५९.

"स्टॉल आलाय," जावईबापू म्हणाले. मांस तापलं की त्यातलं पाणी वर येतं, मांसाला अक्षरशः घाम फुटतो, आणि तो वाळताना मांस गार होतं. खालून उष्णता देत राहायचं, वरून ते गार होत राहणार. तासन्‌तास काटा हलत नाही. ही वेळ नुसती बसून काढायची असते, कारण पुढे दोनशेच्या आसपास पोचेपर्यंत आतले चिवट धागे विरघळत नाहीत आणि मांस ओढलं तर सुटत नाही. मेम्फिस, लेक्सिंग्टन, एडन, सगळीकडे जे मी पाच मिनिटांत खाऊन उठलो होतो, त्यामागे कुणीतरी असं रात्रभर बसलेलं होतं. ते आपल्याला दिसत नाही, आणि दिसू नये यातच हॉटेलांचं हित आहे.

सात वाजता पाहुणे आले. ह्यूस्टनहून नुकतेच बदली होऊन आलेले एक गृहस्थ त्यांत होते, मूळचे साताऱ्याचे. ते स्मोकरभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाले, "खरं सांगू का, डुक्कर हे बार्बेक्यू नाहीच. बार्बेक्यू म्हणजे ब्रिस्केट." ब्रिस्केट कुठल्या प्राण्याचं, हे टेक्सासमधली मराठी माणसं कधी उच्चारत नाहीत, पदार्थाचं नाव घेतात आणि नजर दूर क्षितिजाकडे लावतात. "लॉकहार्टला या. तिथं क्रॉइट्स मार्केटमध्ये पूर्वी सॉस नसायचा, काटा नसायचा. कागदावर मांस, हाताने खा."

"काका, कुठल्या सॉसला विरोध आहे तुमचा?" जावईबापूंनी विचारलं. त्यांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या होत्या, एक पूर्वेची आणि एक लेक्सिंग्टनची, कारण कॅरी ऐन सीमेवर आहे आणि शेजारी दोन्हीकडचे आहेत.

"सॉसलाच."

आठ वाजता १६३. साताऱ्याच्या गृहस्थांनी सुचवलं, की फॉइलमध्ये गुंडाळा, लवकर चढेल; टेक्सासमध्ये सर्रास करतात. जावईबापू ताठ झाले. या युक्तीला कुबडी म्हणतात, आपण कुबडी घेणार नाही. मुलांनी तोवर पिझ्झा मागवला होता. नऊ वाजता बायको स्वयंपाकघरात गेली आणि कुकर लावला. साडेनऊला सगळ्यांनी वरणभात, तूप, लिंबाचं लोणचं आणि भाजलेला पापड खाल्ला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या ताटात मॅकरोनी नव्हती. "यात डुक्कर नाही," ती प्रत्येकाला वाढताना सांगत होती. दहा वाजता बहुतेक मंडळी झोपलेली मुलं खांद्यावर टाकून घरी गेली.

पावणेअकराला फोन वाजला. २०३ अंश. आम्ही तिघे, म्हणजे जावईबापू, साताऱ्याचे गृहस्थ आणि मी, उठून उभे राहिलो.

"नाही," जावईबापू म्हणाले. "आता त्याला तासभर विश्रांती द्यायची."

"त्याला?" आतून बायकोचा आवाज आला.

पावणेबाराला खांद्याचं हाड दोन बोटांनी धरून ओढलं, ते कोरडं ठणठणीत बाहेर आलं. मग आम्ही परसातल्या दिव्याखाली उभे राहून हातानेच रेषे सोडवत, बनमध्ये भरत, दोन्ही बाटल्यांतलं आलटून पालटून ओतत खाल्लं. धूर होता, आंबट होतं, मागून हळूच कांदा-लसूण मसाला येत होता. साताऱ्याच्या गृहस्थांनी पहिलं सँडविच न बोलता संपवलं. दुसरं घेतलं. तिसऱ्यासाठी बन उरला नव्हता म्हणून त्यांनी पातेल्यातूनच उचललं, बोटं चाटली, टिश्यूपेपरच्या रोलला हात पुसले आणि जावईबापूंच्या पाठीवर थाप मारली.

"झकास झालंय," ते म्हणाले. "पण बार्बेक्यू नाही."